होकायंत्राची सुई आणि आकाशातला खळाळ

वाशिम जिल्ह्यातले कामरगाव हे काळ्या मातीतले, कापूस-तूर-सोयाबीनच्या मुलखातले गाव. तिथल्या एखाद्या शाळेत कपाटातले होकायंत्र काढून लाकडी टेबलावर ठेवले, की सुई थोडी डोलते आणि उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. विदर्भात तर चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे नकाशा लावायला हे ठिकाण फार सोयीचे. विद्यार्थी वहीत लिहितात, ‘चुंबकसूची नेहमी दक्षिणोत्तर दिशेत स्थिर राहते.’ परीक्षेला एवढे वाक्य पुरते. पण सुई खरोखर स्थिर असते का?

कामरगावच्या जमिनीवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४४ हजार नॅनोटेस्ला आहे. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. प्रयोगशाळेतल्या पट्टी चुंबकाच्या टोकाशी क्षेत्र याच्या हजारपट असते, म्हणजे पृथ्वी हे तसे दुबळेच चुंबक. या ४४ हजारांपैकी आडवा, म्हणजे जमिनीला समांतर भाग सुमारे ३९ हजारांचा आहे, आणि सुईला वळवतो तो हाच. संवेदनशील उपकरण लावले तर असे दिसते, की हा आकडा एक मिनिटही जसाच्या तसा राहत नाही. सूर्य डोक्यावर आला की तो चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनी वाढतो आणि संध्याकाळी उतरतो. ही रोजची भरती-ओहोटी सुमारे ११० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांची. तिच्यावर बारीक थरथर असते, काही सेकंदांची, काही मिनिटांची. आणि वर्षातून काही वेळा क्षेत्र एकदम धक्का खाते, मग तासन्‌तास खाली घसरते आणि दोन-तीन दिवसांनी सावरते. याला चुंबकीय वादळ म्हणतात. कामरगावच्या आकाशात ढगाचा तुकडा नसला, वारा पडलेला असला, तरी हे वादळ चालू असू शकते.

या थरथरीचा उगम हजारो किलोमीटर उंचीवर आहे. तिथे काय चालते हे समजण्यासाठी आधी पाठ्यपुस्तकातले एक चित्र बाजूला ठेवावे लागेल. पृथ्वीच्या पोटात पट्टी चुंबक, आणि त्यातून दोन्ही बाजूंना सारख्या, सुबक बलरेषा. पृथ्वीच्या जवळपास हे चित्र ठीक आहे. साठ-सत्तर हजार किलोमीटर वर गेले की ते पार बिघडते.

सूर्यापासून एक वारा सतत वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. हा वारा हवेचा नाही, प्लाझ्माचा आहे. प्लाझ्मा म्हणजे अणू फुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि धन आयन यांचे मिश्रण. पृथ्वीपाशी त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर असतो. कामरगावहून मुंबईला पोचायला त्याला दीड सेकंदही लागणार नाही. पण तो कमालीचा विरळ, एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-सात कण एवढाच. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचावर एकोणीस शून्ये इतके रेणू असतात. या विरळ वाऱ्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहत येते, अवघ्या पाच नॅनोटेस्लांच्या आसपासचे.

हा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो. नदीच्या पात्रात मोठा धोंडा असला की पाणी त्याच्या पुढ्यात फुगते, दोन्ही अंगांनी वळसा घालते आणि मागे लांब शेपूट सोडते, तसेच इथे होते. सूर्याच्या बाजूला पृथ्वीचे क्षेत्र दाबले जाऊन सुमारे ६५ हजार किलोमीटरवर अडते. रात्रीच्या बाजूला ते चंद्राच्या कक्षेपलीकडे लांब ओढले जाते. या पोकळीला चुंबकावरण म्हणतात. तिच्यापुढे आणखी वीसेक हजार किलोमीटरवर सौरवाताला पहिला धक्का बसतो. तिथे तो एकाएकी मंदावतो, तापतो आणि दाटतो. धक्क्याची ही सीमा आणि चुंबकावरण यांच्या मधल्या पट्ट्यात प्लाझ्मा अक्षरशः खळाळत असतो. तिथून गेलेल्या यानांच्या नोंदी पाहिल्या तर चुंबकीय क्षेत्राची रेघ कधी वर, कधी खाली, कधी उलट दिशेला अशी फिरते, की तिच्यात काही नियम असेल यावर पहिल्या नजरेला विश्वासच बसत नाही.

पुराचे पाणी आणि रशियन गणिती

नियम आहे, आणि तो आधी पाण्यात सापडला. वाशिम जिल्ह्यातून वाहणाऱ्या अडाण नदीचा पूर आठवा. पाऊस थांबल्यानंतरचा संथ प्रवाह आणि पुराचा गढूळ लोंढा यांत फरक काय? संथ प्रवाहात पाण्याचे थर एकमेकांवरून सरकतात. लोंढ्यात मोठे भोवरे उठतात, मोठ्यातून मधले, मधल्यातून लहान. सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरच्या आकाराचे होतात, तिथे पाण्याचा चिकटपणा त्यांना गिळतो आणि त्यांच्या गतीची उष्णता होते. पुराच्या पाण्याला ढकलणारी शक्ती मोठ्या भोवऱ्यांत शिरते आणि संपते मात्र लहान भोवऱ्यांत. मधले भोवरे ऊर्जा साठवत नाहीत, ते ती फक्त पुढच्याच्या हाती देतात. विहिरीपासून वाफ्यापर्यंत माणसांची रांग लावून घागरी पुढे सारल्या तर मधल्या माणसाकडे घागर थांबत नाही, तसे. अशा प्रवाहाला शास्त्रीय मराठीत संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. आम्हांला खळाळ हा शब्द अधिक आवडतो.

अांद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४१ मध्ये या रांगेचे गणित मांडले. ते इतके सोपे आहे, की अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. भोवऱ्याचा आकार ल, त्यातल्या पाण्याचा वेग व. दर किलोग्रॅममागे गतिज ऊर्जा व च्या वर्गाच्या प्रमाणात. भोवरा एक फेरी घेतो तेवढ्या वेळात ती पुढे दिली जाते असे धरा, आणि हा वेळ ल भागिले व. म्हणजे दर सेकंदाला पुढे जाणारी ऊर्जा व चा घन भागिले ल. रांगेत कुठेच साठा होत नसेल तर ही राशी प्रत्येक आकाराला सारखीच असली पाहिजे. म्हणून वेग हा आकाराच्या घनमुळाच्या प्रमाणात. आकार आठपट लहान झाला की वेग निम्मा, हजारपट लहान झाला की दशांश. भोवरा कुठल्या नदीतला, पूर कुठल्या गावचा, याचा संबंधच उरत नाही. हवेत, पाण्यात, चैत्रात शेतात उठणाऱ्या वावटळीच्या अवतीभोवती, कुठेही मोजा, हे प्रमाण ढोबळमानाने मिळते.

आता मजा अशी, की यानांनी १९६० च्या दशकापासून सौरवातातल्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी पाठवायला सुरुवात केली, आणि त्या तपासल्या तेव्हा तिथेही बहुतेक हेच प्रमाण दिसले. लाखो किलोमीटरच्या लाटांपासून काहीशे किलोमीटरच्या लाटांपर्यंत घागरींची तीच रांग. पाण्याचा आणि प्लाझ्माचा एवढा मेळ बसावा याचे आश्चर्य वाटायला हवे, कारण दोहोंची घडण अगदी वेगळी आहे.

पहिला वेगळेपणा असा, की प्लाझ्मातल्या बलरेषा ताणलेल्या दोरासारख्या वागतात. विहिरीवरचा ताणलेला दोर एका टोकाला झटकला की लाट त्याच्यावरून धावत जाते. दोर जितका ताणलेला तितकी लाट जलद, जितका जड तितकी मंद. बलरेषेचा ताण म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आणि तिचे वजन म्हणजे तिला बांधलेले कण. स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये ही लाट कागदावर शोधली, तेव्हा बऱ्याच जणांना ती अशक्य वाटली होती. १९७० मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पृथ्वीजवळच्या सौरवातात या लाटेचा वेग सेकंदाला पन्नासेक किलोमीटर भरतो, वाऱ्याच्या वेगाच्या आठवा हिस्सा. म्हणून वारा आपल्या लाटा पोटात घेऊनच पृथ्वीवर येतो. दोन दिशांनी जाणाऱ्या लाटा एकमेकींवर आपटतात तेव्हा त्या फुटून लहान लाटा होतात. प्लाझ्मात भोवऱ्यांची जागा या लाटांनी घेतली आहे.

दुसरा वेगळेपणा अधिक अडचणीचा आहे. पाण्यात शेवटी चिकटपणा असतो, आणि चिकटपणा म्हणजे रेणूंच्या टकरा. सौरवातात टकरा जवळजवळ नाहीतच. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत पंधरा कोटी किलोमीटरच्या वाटेत एखाद्या कणाची एखादीच टक्कर व्हायची. मग रांगेतली शेवटची घागर कोण रिकामी करतो? रिकामी होते हे नक्की, कारण सूर्यापासून दूर जाताना सौरवात जितका थंड पडायला हवा तितका पडत नाही. व्हॉयेजर यानांनी हे पार बाहेरच्या ग्रहांपर्यंत मोजले आहे. कोणीतरी वाटेत त्याला तापवत आहे.

याचे उत्तर शोधायचे तर लहान आकाराच्या लाटांकडे पाहावे लागते. विद्युतभारित कण बलरेषेभोवती घिरट्या घालतो. सौरवातातल्या प्रोटॉनच्या घिरटीची त्रिज्या शंभर किलोमीटरच्या आसपास येते. लाटा या आकाराच्या झाल्या, की त्या प्रोटॉनला जणू ओळखू लागतात, आणि नोंदींमध्ये ऊर्जेचा उतार एकदम तीव्र होतो. ऊर्जेचा काही भाग इथे प्रोटॉन घेतात, उरलेली आणखी खाली, एक-दोन किलोमीटरच्या आकारापर्यंत उतरते आणि तिथे इलेक्ट्रॉन ती घेतात. कोणाला किती वाटा मिळतो आणि नेमका कोणत्या रीतीने, यावर आमच्या क्षेत्रात अजून एकमत नाही.

एका यानाने हे मोजायचे कसे, हा प्रश्नही शिकवण्यासारखा आहे. यान एकाच जागी, आणि आपल्याला हवी आहे लाटेची लांबी. पुलावर उभे राहून खालून वाहणारे पाणी बघणाऱ्याला भोवऱ्याची रुंदी सांगता येते, कारण भोवरा बदलायच्या आत पाणी त्याला पुलाखालून वाहून नेते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांची ही युक्ती, १९३८ ची. सौरवातात एक सेकंदाची नोंद म्हणजे ४०० किलोमीटरची लांबी. पण धक्क्याच्या आतल्या खळाळात वारा मंदावलेला असतो, लाटा आणि प्रवाह यांचे वेग जवळपास येतात, आणि ही युक्ती लंगडी पडते. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने २००० मध्ये ‘क्लस्टर’ ही चार याने सोडली. चार याने चौफलकाच्या चार टोकांवर ठेवली की काळ आणि अवकाश वेगळे करता येतात. ती २०२४ पर्यंत काम करत होती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नासाने अशीच चार याने सोडली, आणि ती एकमेकांपासून अवघ्या सात-आठ किलोमीटरवर उडवून दाखवली. या यानांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असे प्रसिद्ध झाले, की धक्क्याच्या आतल्या खळाळात उलट दिशेच्या बलरेषा अतिशय पातळ थरांत तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, आणि तिथून फक्त इलेक्ट्रॉनांच्या धारा सुटतात. जड आयनांना त्याचा पत्ताही लागत नाही. शेवटची घागर रिकामी होण्याच्या अनेक जागांपैकी ही एक.

हे कामरगावपर्यंत पोचते कसे

इथे एक छोटे गणित करू. पृथ्वीचे क्षेत्र पट्टी चुंबकासारखे धरले, तर कामरगावचे चुंबकीय अक्षांश साडेबारा अंशांच्या आसपास येते. तिथून निघणारी बलरेषा किती उंच जाते? पृथ्वीच्या त्रिज्येला त्या अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाने भागायचे. उत्तर येते त्रिज्येच्या १.०५ पट. म्हणजे कामरगावची बलरेषा जेमतेम तीनशे किलोमीटर वर चढते आणि विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला हिंदी महासागरात उतरते. खळाळ आहे साठ-सत्तर हजार किलोमीटरवर. नॉर्वे किंवा कॅनडाच्या बलरेषा थेट तिथपर्यंत जातात, म्हणून तिथल्या आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचतो. आपली रेषा तिथे पोचतच नाही.

तरीही आपल्याला खबर लागते, आणि तीही चांगली लागते. कारण असे. सौरवाताबरोबर आलेले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असले, तर ते पृथ्वीच्या उत्तरेकडे वळलेल्या क्षेत्राच्या नेमके उलट पडते. उलट रेषा तुटून जोडल्या जातात आणि चुंबकावरणाचे दार उघडते. ऊर्जा आधी रात्रीच्या बाजूच्या शेपटात साठते, तिथून कण पृथ्वीकडे फेकले जातात. पृथ्वीपासून वीस-तीस हजार किलोमीटरवर ते विषुववृत्ताच्या वर घिरट्या घालू लागतात. धन आयन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, आणि दोघांचा मिळून पश्चिमेकडे वाहणारा एक प्रचंड विद्युतप्रवाह तयार होतो. याला वलयी प्रवाह म्हणतात. उजव्या हाताचा नियम लावून पाहा. असा प्रवाह खाली जमिनीवर दक्षिणेकडे क्षेत्र निर्माण करतो, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्रातून वजा होतो. हा परिणाम विषुववृत्ताजवळ पूर्ण आणि ध्रुवांवर शून्य. ध्रुवांकडच्या वेधशाळांना दारावरची धुमश्चक्री दिसते, पण वादळाची एकूण ताकद मोजायची तर आपल्यासारख्या अक्षांशांवरच बसावे लागते. आडवे क्षेत्र शंभर नॅनोटेस्लांनी घसरले, तर वलयी प्रवाहात साठलेली ऊर्जा शंभर कोटी युनिट विजेच्या घरात असते.

याच कारणामुळे मुंबईचे नाव जगातल्या सर्व भूचुंबकतज्ज्ञांना माहीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे, तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते. त्या काळी टांगलेल्या चुंबकावर आरसा बसवून दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा डोळ्यांनी वाचत. एरवी दर तासाला, आणि सुई अस्वस्थ झाली की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना डागांजवळ दोन ठिपके लख्ख पेटलेले त्यांना दिसले. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. लंडनजवळच्या ग्रिनिच आणि क्यू वेधशाळांत छायाचित्रण-कागदावर आपोआप नोंद होत असे. तिथे प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेरच निघून गेला. कुलाब्यात मात्र माणसे आकडे वाचत होती. २ सप्टेंबरच्या त्यांच्या नोंदींत आडवे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेले आहे. एवढी घसरण या अक्षांशांवर त्यानंतर कधीही नोंदली गेलेली नाही. या नोंदी दीडशे वर्षे दप्तरात होत्या. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लाखिना आणि एस. अलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांच्यासह त्या तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि ‘कॅरिंग्टन वादळा’ला पहिल्यांदा नीट आकडा मिळाला.

त्या आकड्याच्या अर्थाविषयी वाद अजून चालू आहे. एवढी घसरण एकट्या वलयी प्रवाहाने झाली, की आयनांबरातला एखादा प्रवाह त्या सकाळी नेमका मुंबईच्या माथ्यावर आला होता? क्षेत्र काही तासांत फार वेगाने सावरले, आणि वलयी प्रवाह इतक्या लवकर विरत नाही. तासाची सरासरी घेतली तर तोच आकडा हजाराच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. आमचे मत विचाराल, तर दोन्ही प्रवाहांचा वाटा असावा असे वाटते. पण एकाच वेधशाळेच्या नोंदीवरून ते सिद्ध करणे अवघड आहे, आणि त्या रात्रीच्या दुसऱ्या वेधशाळा आता नव्याने उभारता येणार नाहीत.

मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला दुसरी वेधशाळा उभारली. विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकदम मोजून नोंदींची साखळी जुळवून घेतली गेली. अलिबागची इमारत बांधायला कोकणातला काळा दगड चालत नव्हता, कारण त्यात चुंबकीय लोहखनिज असते. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म आणला. काळ्या दगडाची ही अडचण कामरगावलाही तशीच आहे. दख्खनच्या लाव्हाचे थर तिथपर्यंत पसरलेले आहेत. होकायंत्र बांधावरच्या मोठ्या काळ्या धोंड्याजवळ धरून त्याच्याभोवती फिरवून पाहा, काही धोंड्यांपाशी सुई स्पष्ट सरकते. आज अलिबाग आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळा आहेत. संस्था स्वतः नवी मुंबईत पनवेलला आहे.

तासाभराची सूचना

या वादळांनी माणसाचे काय बिघडते? १८५९ मध्ये तारयंत्रांपलीकडे फारसे काही नव्हते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे वीजजाळे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीत आणि लांब तारांत प्रवाह निर्माण होतो, हा फॅरडेचा नियम, त्याचाच हा प्रताप. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम प्रतीच्या वादळाने वरचे वातावरण तापून फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ हवेच्या घर्षणाने खाली ओढले जाऊन नष्ट झाले. १० आणि ११ मे २०२४ रोजी वलयी प्रवाहाने क्षेत्र चारशे नॅनोटेस्लांहून अधिक घसरवले. लडाखमध्ये हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात तांबडा उजेड टिपला, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहांच्या आधारे सरळ तास धरणारे ट्रॅक्टर भरकटल्याने थांबवावे लागले. विदर्भातही जमिनीची मोजणी आणि ड्रोनची फवारणी उपग्रहांच्या संकेतांवर होऊ लागली आहे, आणि ते संकेत आयनांबरातून गाळूनच खाली येतात. आपल्या अक्षांशांवर तर आयनांबर मुळातच अस्थिर आहे.

मग वादळाचा अंदाज देता येत नाही का? सूर्यावर स्फोट झाला हे दुर्बिणीला आठ मिनिटांत कळते. प्लाझ्माचा ढग पृथ्वीकडे निघाला हेही कळते, आणि तो एक ते तीन दिवसांत पोचणार हेही. कळत नाही ते एवढेच, की त्याच्या पोटातले क्षेत्र उत्तरेकडे वळलेले आहे की दक्षिणेकडे. उत्तरेकडे असेल तर दार बहुधा बंद राहते आणि सगळा गाजावाजा फुकट जातो. हे कळण्यासाठी त्या ढगातच यान उभे करावे लागते. भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले (कुलाब्याच्या त्या नोंदीचीच तारीख) आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, आपल्या जागी पोचले. त्यावर सहा मीटर लांब दांड्यावर चुंबकमापक बसवलेले आहेत. सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी त्याच्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे. पंधरा लाखांना चारशेने भागा, तासाभराची सूचना मिळते. वेगवान ढग असेल तर अर्ध्या तासाची.

आणि या तासाभरातही खळाळ आडवा येतोच. पंधरा लाख किलोमीटरवर मोजलेले क्षेत्र पृथ्वीपर्यंत येता येता लहान लाटांत मोडते. धक्का ओलांडल्यावर ते आणखी विस्कटते. मोठा प्रवाह ओळखता येतो, पण चुंबकावरणाच्या दारावर एखाद्या क्षणी कोणती लाट कोणत्या दिशेने आपटेल हे आम्ही सांगू शकत नाही. पुराची पातळी सांगता येते, भोवरा कुठे उठेल हे नाही.

शाळेत करून पाहायचे असेल तर

साधे होकायंत्र इथे उपयोगी पडत नाही, आणि का पडत नाही हे मुलांनीच शोधावे असे आम्हांला वाटते. वादळात क्षेत्र घटते ते मुख्यतः उत्तर-दक्षिण दिशेत. सुई आधीच उत्तरेकडे तोंड करून आहे. तिला खेचणारा जोर शेकडा पाव टक्क्याने कमी झाला, तरी ती वळणार कशाला? कुलाब्याची युक्ती अशी, की चुंबक टांगणाऱ्या धाग्याला वरून पीळ देऊन तो पूर्व-पश्चिम उभा करायचा. आता एकीकडून पीळ आणि दुसरीकडून पृथ्वीचे क्षेत्र अशी ओढाताण चालू राहते, आणि क्षेत्र जरा ढिले पडले की चुंबक फिरतो.

शिवणाची जाड सुई चुंबकावर घासून घ्या. मासे धरण्याच्या गळाचा सर्वांत बारीक नायलॉन दोरा हातभर घ्या. सुईवर नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवा आणि हे सगळे काचेच्या बरणीत टांगा, म्हणजे वारा लागणार नाही. वरचे टोक हळूहळू पिळत सुई पूर्व-पश्चिम आणा. पीळ पूर्ण एक फेरीचा असेल तर क्षेत्रातल्या शंभर नॅनोटेस्लांच्या बदलाला सुई साधारण ०.९ अंश फिरते, आरशावरून परतलेला किरण १.८ अंश, आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाचा ठिपका नऊ सेंटिमीटर सरकतो. पीळ फार वाढवला तर सुई एकदम गर्रकन उलटी फिरते, हेही एकदा मुद्दाम करून बघावे.

या उपकरणाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. तापमानाने नायलॉनचा पीळ सैल पडतो, आणि एका अंशाचा फरकसुद्धा लहानशा वादळाएवढा ठिपका हलवू शकतो. कामरगावच्या उन्हाळ्यात दिवसभरात पारा पंधरा अंश चढतो, तेव्हा दुपारी ही बरणी चुंबकमापक राहत नाही, तापमापक होते. म्हणून ती आतल्या बंद खोलीत ठेवावी, शेजारी तापमापी ठेवून दोन्ही आकडे लिहावेत, आणि शक्यतो रात्री मोजावे. सायकली, कपाटे आणि मोटरसायकली दहा-पंधरा पावले लांब.

तापमान हळूहळू बदलते. वादळाची सुरुवात मात्र अनेकदा धक्क्याने होते. सौरवाताचा ढग चुंबकावरणाला एकदम दाबतो आणि आडवे क्षेत्र दोन-चार मिनिटांत तीस ते शंभर नॅनोटेस्लांनी उडी घेते, नंतर मग घसरण सुरू होते. शांत रात्री, पारा जागच्या जागी असताना, ठिपका दोन-चार मिनिटांत चार-पाच सेंटिमीटर एका बाजूला गेला आणि मग तासाभरात उलट बाजूला सरकू लागला, तर वेळ लिहून ठेवा. अलिबागच्या आणि नागपूरच्या आलेखात त्याच मिनिटाला तशीच उडी असायला हवी, कारण हा धक्का साऱ्या पृथ्वीला एका मिनिटाच्या आगेमागे बसतो.